चहाचा डबा उघडल्यावर येणारा वास

"चहाची रूह निघत नाही, ताई." पुण्यातल्या बोहरी आळीत ज्या दुकानातून मी अत्तराचं सामान आणते, तिथल्या चाचांनी मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. रूह म्हणजे फुलातून, मुळातून भट्टी लावून काढलेला निव्वळ अर्क. गुलाबाची रूह असते, वाळ्याची असते. चहाची नसते. त्यांनी इतकं स्पष्ट सांगूनही मला ते स्वतःच्या हातांनी करून पाहायचं होतं. रोज सकाळी ज्या वासाने घर जागं होतं, तो वास बाटलीत का उतरू नये, हे मला कळेना.

दार्जिलिंगची पन्नास ग्रॅम पत्ती आणली आणि अत्तरासाठी मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये आठवडाभर भिजत घातली. गाळल्यावर हाती आला तो गडद तांबूस अर्क. पांढऱ्या सुती रुमालावर एक थेंब टाकला. स्पिरिट उडून गेलं आणि मागे राहिला वाळलेल्या गवताचा, तंबाखूच्या पुडीचा आणि जुन्या वहीच्या पानांचा वास. वाईट नव्हता, पण चहाही नव्हता. रुमालावरचा डाग मात्र तीन धुण्यांनंतरही गेला नाही.

मग तांब्याची छोटी भट्टी लावली. अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या कनौजच्या डेग-भपक्याचीच रीत, म्हणजे एका भांड्यात उकळायचं आणि नळीतून येणारी वाफ दुसऱ्यात थंड करायची; फक्त आकार घरगुती. अर्धा किलो पत्ती, खाली मंद आच, नळीतून थेंब थेंब पाणी. गुलाब असता तर त्या पाण्याला गुलाबाचा वास आला असता. वाळा असता तर वर तेलाचा तवंग दिसला असता. माझ्या पाण्यावर तवंग नव्हता, आणि वास होता उकडलेल्या पालेभाजीचा.

असं का होतं याचं गणित मी नंतर मांडलं. चहाच्या वाळलेल्या पत्तीत वास देणारी सगळी द्रव्यं मिळून वजनाच्या दहा हजारांत एखाद-दोन भाग भरतात. म्हणजे किलोभर पत्तीत ग्रॅमचा एक-दोन दशांश. तेवढं तर भट्टीतल्या पाण्यातच विरघळून जातं. याउलट गवती चहाची शंभर किलो ओली पात भट्टीत घातली, तर पाव ते अर्धा किलो तेल सहज निघतं. शिवाय चहाच्या पानातली बरीचशी सुवासिक द्रव्यं साखरेच्या रेणूंना बांधलेली असतात. पान चुरलं, मळलं की पानातलीच विकरं ती गाठ सोडवतात आणि वास मोकळा होतो. मळण्या-आंबवण्याच्या त्या काही तासांत जो वास जन्माला येतो, तो नंतर उकळत्या भट्टीत टिकत नाही.

परदेशी पुरवठादारांकडे ग्रीन टीचा अ‍ॅब्सोल्यूट, म्हणजे भट्टीऐवजी द्रावकाने काढलेला दाट अर्क, मिळतो. तो मी एकदा हुंगला आहे. माझ्या रुमालावरच्या डागाचाच तो श्रीमंत नातेवाईक आहे: गवताची गंजी, तंबाखू, थोडा मध. चांगल्या हातात त्याचा उपयोग होतो. पण डोळे मिटून हुंगायला दिला, तर दहातला एकही माणूस "चहा" म्हणणार नाही.

मग जगभर चहाच्या वासाची जी परफ्युम्स निघतात, ती कशी होतात? या प्रश्नाचा माग काढत मी 1992 सालच्या एका बाटलीपाशी पोचले. छोट्या प्रमाणावर सुगंध करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट नीट समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून ती इथे सविस्तर मांडते.

ग्रासचा मुलगा

बाटलीचं नाव 'ओ पार्फ्युमे ओ ते व्हेर', म्हणजे हिरव्या चहाचं सुगंधी पाणी. काढली रोमच्या बुल्गारी या दागिन्यांच्या पेढीने. सुगंध बांधला जाँ-क्लोद एलेना यांनी.

एलेनांचा जन्म 1947चा, दक्षिण फ्रान्समधल्या ग्रास गावचा. अत्तराच्या धंद्यात ग्रासला जो मान आहे, तो आपल्याकडे कनौजला आहे. शिक्षण अर्ध्यावर सोडून ते कोवळ्या वयातच गावातल्या आंत्वान शिरिस यांच्या कारखान्यात लागले आणि अर्क काढण्याचं काम शिकले. फुलं, मुळं, राळ काय देतात आणि काय देत नाहीत, हे त्यांनी भट्टीशेजारी उभं राहून पाहिलं. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. पुढे ज्या माणसाने चहाच्या अर्काचा नाद सोडून चहाचा वास उभा केला, त्याला अर्क म्हणजे काय हे पुरतं ठाऊक होतं. 1968 मध्ये जिव्होदाँ या सुगंध बनवणाऱ्या कंपनीच्या जिनिव्हातल्या शाळेत ते दाखल झाले, आणि 1976 मध्ये 'फर्स्ट' या परफ्युमने त्यांचं नाव झालं. तेही व्हान क्लीफ अँड आर्पेल्स या जवाहिऱ्यांसाठीच होतं.

'फर्स्ट' भरजरी होतं. तो काळच तसा होता. 1977चं 'ओपियम', 1981चं 'जॉर्जिओ', 1985चं 'पॉयझन', ही नावं घेतली की त्या पिढीच्या लोकांना अजून लिफ्टमधला दर्प आठवतो. माणूस खोलीतून गेला तरी वास तासभर मागे उभा राहायचा. गुण मोजायचा तर तो किती दूर जातो आणि किती वेळ टिकतो यावरून. एलेनांना हळूहळू याचा कंटाळा आला आणि ते साहित्य कमी करत गेले. सुगंधकाराच्या कपाटात हजाराच्या वर कच्चा माल असतो. एलेनांनी स्वतःच्या कामाचं साहित्य दोनशेच्या आत आणलं.

त्यांची एक हातखंडा गोष्ट सांगितली जाते. कागदाची एक पट्टी व्हॅनिलासारख्या वासाच्या एथिल व्हॅनिलिनमध्ये बुडवायची, दुसरी आयसोब्युटिल फेनिलअ‍ॅसिटेटमध्ये. दोन्ही पट्ट्या एकत्र धरून नाकासमोर हलवल्या की चॉकलेट! खऱ्या चॉकलेटच्या वासात शेकडो द्रव्यं असतात, पण नाकाला दोन पुरली. ठिपक्यांच्या रांगोळीत बाई मोजकेच ठिपके मांडते, आणि रेघ ओढायच्या आधीच आपल्याला कमळ दिसायला लागतं. तसंच हे. उरलेलं काम आठवण करते.

चहाच्या दुकानात

पॅरिसमध्ये मारियाज फ्रेर नावाची चहाची जुनी पेढी आहे, 1854 साली सुरू झालेली. भिंतभर डबे, प्रत्येकात वेगळ्या मळ्याची पत्ती. चहाचा सुगंध बांधायचं डोक्यात आल्यावर एलेना तिथे जाऊन डब्यामागून डबा हुंगत बसले.

इथे थोडं थांबायला हवं, कारण माझ्या मते निर्णय इथेच झाला. चहाचा वास म्हणजे नेमका कोणता? झाडावरच्या पानाचा? पातेल्यात उकळणाऱ्या चहाचा? कपातल्या वाफेचा? कप रिकामा झाल्यावर तळाशी राहतो तो? हे चारही वास वेगवेगळे आहेत. भट्टी लावताना हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. "चहाचा वास हवा" एवढंच मनात धरून बसले होते. दुकानात हुंगणाऱ्या माणसासमोर मात्र फक्त कोरडी पत्ती असते, आणि झाकण निघतं त्या क्षणी डब्यातली कोंडलेली हवा तोंडावर येते. एलेनांचा चहा हा त्या हवेचा चहा आहे. तो पेयाचा वास नव्हे.

ती हवा त्यांनी दोन खांबांवर उभी केली. एक हेडिओन, दुसरा आयोनोन.

हेडिओन 1960च्या सुमारास जिनिव्हाच्या फिर्मेनिश कंपनीत एदुआर देमोल यांच्या हाती लागलं. जाईच्या अर्काचा अभ्यास चालला होता, त्यातून ते निघालं. नाव ग्रीक भाषेतल्या 'सुख' या अर्थाच्या शब्दावरून. पट्टीवर हुंगलं तर पहिल्यांदा वाटतं, यात काहीच नाही. मग जाईची अगदी पुसट चाहूल, लिंबाच्या सालीचा हलका भास, आणि बाकी नुसती मोकळी हवा. एदमों रुद्निट्स्का यांनी 1966 मध्ये डिओरच्या 'ओ सोवाज'मध्ये ते वापरलं आणि धंद्याचे डोळे उघडले. हेडिओन इतर वासांच्या मधे जागा करून देतं. दाटीवाटीच्या घरात खिडकी उघडावी, तसं.

आयोनोन त्याहून जुनं. 1893 मध्ये टीमान आणि क्र्युगर या जर्मन रसायनज्ञांनी ते बनवलं. व्हायोलेटच्या फुलांचा महागडा वास स्वस्तात मिळावा, ही त्यामागची ओढ. आपल्या नाकाला व्हायोलेटचं फूल परिचयाचं नाही, म्हणून सांगते: बीटा-आयोनोनचा वास कोरडा, थोडा लाकडी, थोडा फळासारखा, किंचित पावडरसारखा असतो. जुन्या लाकडी पेटीत सुकं फळ ठेवलं होतं आणि आता पेटी रिकामी आहे, असं काहीसं.

आणि हे बीटा-आयोनोन खऱ्या चहातही असतं! गाजराला केशरी करणारं कॅरोटीन चहाच्या पानातही असतं. पान सुकवताना, मळताना, भाजताना ते तुटतं आणि त्यातून बीटा-आयोनोन तयार होतं. हेडिओनच्या अगदी जवळचे नातेवाईक, जाईत सापडणारे जास्मोनेटही, चांगल्या चहात सापडतात. म्हणजे एलेनांनी काही हवेतून आणलं नाही. चहातल्या सहाशेहून अधिक द्रव्यांच्या गर्दीतून, जे दोन आवाज एकत्र आले की नाक "चहा" म्हणतं, ते त्यांनी ओळखले आणि मोठे केले. भोवती बर्गमॉट, वेलदोडा, धने, मिरी, संत्र्याचं फूल असा हलका परिवार ठेवला. बर्गमॉट ही त्या लिंबवर्गी फळाची साल, जिच्या तेलाने अर्ल ग्रे चहाला त्याचा वास येतो. युरोपच्या नाकात ती खूण आधीपासून होतीच.

माझ्या ओट्यावर

वाचून समाधान होईना, म्हणून दोन्ही द्रव्यं मागवली. दोन्ही स्पिरिटमध्ये दहा टक्क्यांपर्यंत पातळ केली आणि एका दुपारी स्वयंपाकघराच्या ओट्यावरच पट्ट्या घेऊन बसले. पंखा बंद, खिडकी उघडी, सकाळची फोडणी विरलेली.

पहिली पट्टी आयोनोन, दुसरी हेडिओन. एकेकटी हुंगली तर कुठेही चहा नाही. दोन्ही एकत्र धरून नाकापासून वीतभर अंतरावर हलवल्या, आणि माझ्या अंगावर काटा आला. हिरवा, कोरडा, थंड असा एक वास आला आणि गेला. पुन्हा आला. आयोनोनचा हा स्वभावच आहे: नाक त्याला चटकन सरावतं, वास नाहीसा झाल्यासारखा वाटतो, आणि थोड्या वेळाने तो पुन्हा उगवतो. चहाच्या वासाची परफ्युम्स वाफेसारखी येत-जात राहतात, त्यातला काही भाग मला तरी या लपंडावाचा वाटतो.

आईला हाक मारली. तिला काहीच न सांगता पट्ट्या पुढे केल्या. तिने डोळे मिटले, दोनदा हुंगलं आणि म्हणाली, "अगं, हा चहा नाही. चहाचा नवा डबा फोडल्यावर येतो ना, तो वास आहे." मग जरा थांबून विचारलं, "गवती चहा घातलायस का यात?"

मी नाही म्हटलं. तिच्या त्या प्रश्नाकडे मी नंतर येते.

शेजारच्या काकूंना मात्र पट्टीत चहा सापडला नाही. "आंबूस काहीतरी येतंय गं, व्हिनेगरसारखं," असं त्या म्हणाल्या. मी आधी खट्टू झाले. पुढे कळलं की याचं कारण आपल्या शरीरातच आहे. बीटा-आयोनोन ओळखणारी नाकातली एक विशिष्ट ग्रहणपेशी एका जनुकावर अवलंबून असते आणि त्या जनुकाचे दोन प्रकार आहेत. एक प्रकार असलेल्यांना फुलासारखा वास येतो. दुसरा असलेल्यांना तो फारच पुसट येतो किंवा आंबट, बोचरा लागतो. 2013 साली या विषयावरचं संशोधन प्रसिद्ध झालं. एलेनांनी सुगंध बांधला तेव्हा हे कोणाला ठाऊक नव्हतं. चहाच्या वासावरून लोकांची दोन टोकांची मतं का पडतात, याचं अंशतः उत्तर इथे आहे. म्हणून आता मी नवं मिश्रण निदान सहा-सात वेगवेगळ्या घरांतल्या नाकांना दाखवल्याशिवाय पुढे जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी जरा हावरेपणा केला. चहाच्या रसायनशास्त्रात जी नावं ठळकपणे येतात, ती एकेक करून मिसळत गेले. ताज्या कापलेल्या गवताचं हेक्सेनॉल, फुलाचा गोडवा देणारं लिनालूल, गुलाबाच्या कुळातलं जिरॅनिओल, मलमासारखा वास असणारं मिथाइल सॅलिसिलेट. सगळी द्रव्यं खऱ्या चहातली. पण पाचव्या थेंबाला मिश्रण धुवायच्या साबणाकडे झुकलं आणि सातव्याला दुखऱ्या गुडघ्याचं मलम झालं. यादी जसजशी खरी होत गेली, तसतसा चहा हरवत गेला. चहाच्या पत्तीत ही द्रव्यं ज्या सूक्ष्म तोलात असतात, तो तोल साधायला निसर्गाकडे मातीपासून किड्यांपर्यंत सगळं हाताशी आहे. दार्जिलिंगच्या उन्हाळी चहाला जो द्राक्षासारखा मस्कटेल वास येतो, त्यात पानं कुरतडणाऱ्या तुडतुड्यांचाही हात असतो. किडा चावला की रोपटं स्वतःच्या बचावासाठी जी द्रव्यं बनवतं, त्यातून तो सुवास वाढतो. माझ्या ड्रॉपरला ते कुठून जमणार?

दोन पट्ट्यांवर परत आले तेव्हा एलेनांनी किती गोष्टी हातात असूनही बाजूला ठेवल्या असतील, याची मला पहिल्यांदा कल्पना आली.

नाकारलेला आराखडा

मोठ्या परफ्युमच्या धंद्यात सुगंधकार मनाला येईल ते करून बाजारात आणू शकत नाही. एखादं घराणं आपली मागणी काढतं, चार-पाच कंपन्यांचे सुगंधकार नमुने पाठवतात, चाळण्या होतात, एक निवडला जातो. बाकीचे फडताळात जातात. चहाची ही कल्पनाही बुल्गारीच्या आधी एका नामांकित फ्रेंच घराण्याच्या चाळणीत उतरली होती आणि मागे पडली होती.

ती नाकारणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. ज्यांना जगभरच्या हजारो दुकानांत माल भरायचा आहे, जाहिरातीवर प्रचंड पैसा ओतायचा आहे, त्यांना दुकानाच्या दारातच गिऱ्हाइकाला पकडणारा वास लागतो. चहा पकडत नाही. तो जवळ आलेल्यालाच कळतो.

बुल्गारीची स्थिती वेगळी होती. सोतिरिओ बुल्गारी यांनी 1884 मध्ये रोमला सुरू केलेली ही पेढी हिऱ्या-माणकांवर उभी होती. परफ्युममध्ये तिचं ना नाव होतं, ना जुनं काही सांभाळायचं होतं. सुगंध हवा होता तो मुख्यतः आपल्या दालनात येणाऱ्या ग्राहकांसाठी, घरच्या पाहुणचारासारखा. दागिना घेणाऱ्या बाईच्या मनगटावर तो दागिन्याशी भांडणार नाही, एवढीच अपेक्षा. खप किती व्हायला हवा याचं ओझं डोक्यावर नसल्यामुळे तिथे हा पातळ, हवेशीर आराखडा बसला. त्यांनी त्याला 'परफ्युम' असं भारदस्त नावही दिलं नाही. 'सुगंधी पाणी' म्हटलं आणि कोलोनसारखं हलकं ठेवलं.

या प्रकरणातला हा भाग मी सर्वात जास्त वेळा वाचला आहे. कल्पना तीच, माणूस तोच, फक्त दार बदललं. महिन्याला चाळीस-पन्नास बाटल्या भरणाऱ्या माझ्यासारख्या बाईकडे मोठ्या घराण्याचा पैसा कधीच येणार नाही, पण बुल्गारीकडे त्या वेळी जी मोकळीक होती ती आमच्याकडे रोज असते. तरी आमच्यातले बरेच जण ऊद आणि व्हॅनिलाच्या ठरलेल्या मिश्रणांमागे धावतो, याचं मला वाईट वाटतं.

1992 हे साल तसं विलक्षणच होतं. त्याच वर्षी पाण्यासारखं नितळ 'लो दिसे' आलं आणि त्याच वर्षी साखरेच्या पाकासारखं 'एंजल'. त्या दोघांच्या गाजावाजात जवाहिऱ्याच्या दालनातलं हे हिरवं पाणी हळूहळू पसरलं. दोन वर्षांनी आलेल्या 'सीके वन'मध्ये हिरव्या चहाची छटा होती. 1999 मध्ये एलिझाबेथ आर्डेनचं 'ग्रीन टी' सामान्य खिशाला परवडणाऱ्या किमतीत आलं, ते फ्रान्सिस कुर्कजियान यांनी बांधलं होतं. पुढे साबण, शाम्पू, मेणबत्त्या, पंचतारांकित हॉटेलांची न्हाणीघरं, सगळीकडे 'ग्रीन टी' लिहिलेलं दिसायला लागलं. आज एखाद्या मुलीला हिरव्या चहाचा वास विचारला, तर ती जो वास सांगेल तो बहुधा कपातला नसून या बाटलीच्या वंशातला असेल.

खुद्द एलेना चहाकडे पुन्हा आले. 2004 ते 2016 या काळात ते एर्मेस या फ्रेंच घराण्याचे सुगंधकार होते. 2005 मध्ये त्यांनी 'ओस्मांत युन्नान'मध्ये चीनचा चहा आणि ओस्मांथसची फुलं एकत्र आणली. 2008 मध्ये केरळचा पाऊस पाहून त्यांनी एक सुगंध बांधला, त्यातही मसाल्याच्या बाजाराचा घमघमाट न घेता पावसात भिजलेला थंड वेलदोडा आणि आलं घेतलं.

दुसरी वाट आहे ती ऑलिव्हिया जाकोबेत्ती यांची. 'लार्तिझाँ पार्फ्युमर' या 1976 साली निघालेल्या छोट्या पेढीसाठी त्यांनी 2000 मध्ये 'टी फॉर टू' बांधलं. त्यात डब्याची कोरडी हवा नाही. पाइनच्या धुरावर सुकवलेल्या लापसांग सूशाँग चहाचा धूर आहे, मध आहे, आल्या-दालचिनीच्या केकचा ऊबदारपणा आहे. एलेनांनी झाकण उघडल्याचा क्षण निवडला, त्यांनी थंडीतला टेबलावरचा क्षण निवडला. दोन्ही बाटल्यांच्या नावात चहाच आहे, आणि दोघींचे वास एकमेकींच्या ओळखीचेही नाहीत.

आईचा प्रश्न

आता गवती चहाकडे. आईने विचारलं तेव्हा मी सरळ नाही म्हटलं होतं. आपल्याकडे गवती चहाला 'चहा' म्हणतात म्हणून तिला तसं वाटलं असेल, असा मी समज करून घेतला. आठवड्याने आयोनोनचा इतिहास वाचताना मी खुर्चीत ताठ बसले.

1893 मध्ये टीमान आणि क्र्युगर यांनी आयोनोन बनवलं ते सिट्रालपासून. सिट्राल आणि अ‍ॅसिटोन यांची क्रिया घडवायची, त्यातून स्यूडो-आयोनोन, आणि आम्लाच्या मदतीने त्याचं आयोनोन. सिट्राल कुठून आणायचं? गवती चहाच्या तेलातून. त्या तेलात सत्तर-ऐंशी टक्के सिट्रालच असतं. कित्येक दशकं भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून, कोचीच्या बंदरातून, गवती चहाचं तेल युरोप-अमेरिकेला जात होतं आणि तिथे त्याचं आयोनोन बनत होतं. त्याच बीटा-आयोनोनपासून पुढे अ जीवनसत्त्वही बनायला लागलं. व्यापारात त्या तेलाचं नावच 'कोचीन ऑइल' पडलं होतं. तो मलबारकडचा गवती चहा आणि आपल्या परसातला, यांची जात थोडी वेगळी आहे, पण कूळ एकच. आज बहुतेक सिट्राल कारखान्यात दुसऱ्या वाटेने बनतं, म्हणून माझ्या बाटलीतल्या आयोनोनने गवताची पात पाहिली असेल असं मी म्हणत नाही. पण ज्या द्रव्याने ग्रासच्या माणसाने चहा उभा केला, ते पहिल्यांदा बनलं तेव्हा त्याचा कच्चा माल आपण परसात लावून 'चहा' म्हणतो त्या गवतासारख्यांत सापडणारा होता. हे आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग घालून बघ की थोडा."

तिच्या त्या वाक्याने माझं अडलेलं काम सुटलं. कारण तोवर मी एलेनांच्या डब्याची नक्कल करत होते, आणि आमच्या घरातला डबा वेगळा आहे. आम्ही पितो तो सीटीसी चहा, पानं चिरडून, फाडून, गोळी वळवून केलेला. ही पद्धत 1930च्या दशकात आसामात आली. कडक रंग आणि दूध पेलण्याची ताकद ही तिची देणगी. नाजूक सुवास मात्र त्यात कमी उरतो, आणि जो उरतो त्यातला बराचसा दुधातल्या स्निग्धांशात अडकतो, कारण आयोनोनसारखी द्रव्यं पाण्यापेक्षा तुपा-तेलात जास्त रमतात. म्हणून तर आपण वरून आलं किसतो, वेलदोडा कुटतो, गवती चहाची पात गाठ मारून पातेल्यात सोडतो. मराठी घरात "चहाचा वास सुटलाय" म्हणतात, तेव्हा त्या वासात बराच वाटा या तिघांचा असतो.

मग क्षण कोणता निवडायचा? उकळतं दूध मी करून पाहिलं. दुधाचा भास देणारी द्रव्यं मिळतात, पण दोन तासांत ती मनगटावर आंबल्यासारखी वाटायला लागतात. ती वाट सोडली. शेवटी मी निवडला तो पातेल्याखाली गॅस पेटवायच्या आधीचा क्षण. ओट्यावर डब्याचं झाकण उघडं आहे, शेजारी गवती चहाची पात नुकतीच हाताने चुरगळली आहे, आणि खलबत्त्यात दोन वेलदोडे फुटले आहेत. अजून पाणीही ठेवलेलं नाही.

हेडिओन सर्वात जास्त. आयोनोन त्याच्या दहाव्या भागाइतकं. वेलदोड्याचं तेल थोडं, आल्याचं त्याहून कमी. गवती चहाचं तेल फार जपून, कारण सिट्रालने नाजूक त्वचा चुरचुरू शकते आणि त्वचेवर लावायच्या सुगंधात त्याच्या वापराला मर्यादा घातलेली आहे. शिवाय ते जरा जास्त झालं की फरशी पुसायच्या पाण्याचा वास येतो. तळाशी वाळ्याची रूह, एकच थेंब, चाचांकडची. पहिल्या तेरा चाचण्यांत कधी वेलदोडा खीर आठवून द्यायचा, कधी आलं सर्दीचा काढा.

चौदावी चाचणी घेऊन मी बोहरी आळीत गेले. चाचांनी पट्टी हुंगली, कागद उलटा करून पुन्हा हुंगला, आणि गल्ल्याशेजारी ठेवून दिली. मी दुसरं सामान घेत होते तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, आणि चाचांनी मुलाला हाक मारून सांगितलं, "अरे, चहा सांग दोन." मग त्यांनी त्या पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "तीन सांग."

ती बाटली आता कपाटात मुरायला ठेवली आहे. लोणच्यासारखंच अत्तरालाही मुरावं लागतं. महिनाभराने उघडेन, तेव्हा पहिली पट्टी आईला आणि दुसरी शेजारच्या काकूंना.